सही, पुडी आणि हवेचा हातमोजा

बँकेच्या काउंटरमागे आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे काढलेला माणूस चेहरे विसरतो, सह्या विसरत नाही. संगणक यायच्या आधी प्रत्येक खात्याचे नमुना-सहीचे एक कार्ड असे. चेक हातात आला की ते कार्ड काढायचे, दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरायच्या आणि क्षणभर पाहायचे. तेवढ्यात पुष्कळ काही दिसे. नव्या नोकरीतला मुलगा सहीखाली दोन दोन रेघा ओढी, नुकतेच लग्न झालेली मुलगी नव्या आडनावाशी अडखळे. पेन्शनर मंडळींची सही मात्र वर्षानुवर्षे तशीच्या तशी, छापल्यासारखी.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांची रांग लागे. त्या रांगेत दर वर्षी दोन-तीन जण असे भेटत, की ज्यांची सही एकाएकी मोडलेली असे. उजवा हात डाव्या हाताने उचलून काउंटरवर ठेवायचा, बोटांच्या बेचक्यात पेन खोचायचे आणि कागदावर काहीतरी उमटवायचे. मागे मुलगा किंवा सून उभी असे. ‘लकवा मारून गेला जी साहेब,’ एवढेच ती सांगत. अशा खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम चांगला उदार आहे आणि तो वाचकांनी लक्षात ठेवावा. आजारामुळे सही करता येत नसेल तर हाताच्या अंगठ्याचा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. नियम झाला. पण शाईचे पॅड पुढे सरकवले, की चाळीस वर्षे शाळेच्या दाखल्यांवर सह्या केलेल्या मुख्याध्यापकांच्या तोंडून जो प्रश्न निघे, त्याला कोणत्याही परिपत्रकात उत्तर नव्हते. ‘अंगठा लावू? मी?’

पाय गेला तर काठी घेता येते, आणि काठीला आपल्याकडे थोडा मानही आहे. हात गेला की माणसाच्या हातून नेमके काय जाते, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. सदऱ्याची गुंडी, पायजम्याची नाडी, ताटातला भात कालवणे, संडासातून आल्यावर हात धुणे. यांतल्या प्रत्येक ठिकाणी दुसरे कोणीतरी येऊन उभे राहते.

हे सारे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण आमचे भाऊ. भाऊ म्हणजे माझे थोरले साडू. इतवारीत त्यांचे वडिलांच्या वेळचे किराण्याचे दुकान आहे. प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, मग पाकिटबंद माल आला, पण भाऊंनी कागदाची पुडी सोडली नाही. कागदाच्या चौकोनी तुकड्यावर जिरे ओतायचे, चार घड्या घालायच्या, वर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून तीन वेढे द्यायचे, गाठ मारायची आणि बोटाला झटका देऊन दोरा तोडायचा. पाच सेकंदांचे काम. माझ्यासारख्याने केले तर निम्मे जिरे खाली.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तिळगुळाच्या गर्दीत भाऊंच्या हातातले वजन खाली पडले. तोंड एका बाजूला वाकडे झाले, बोलणे बोबडे झाले. शेजारच्या दुकानदाराने वेळ न घालवता ऑटोत घातले, म्हणून ते दोन तासांत इस्पितळात पोहोचले. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते मिळाले आणि भाऊ वाचले. दोन महिन्यांत चालू लागले, जीभही बरीचशी ताळ्यावर आली. उजवा हात मात्र आला नाही.

पाय आधी का येतो आणि हात मागे का राहतो, हा प्रश्न ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, डॉक्टरांना किती वेळा विचारला असेल. उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. कॅनडातले शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी मेंदूची शस्त्रक्रिया करताना, रुग्ण जागा असताना, मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका स्पर्श करून शरीराचा कोणता भाग कुठून हलतो याचा नकाशा काढला. तो १९३७ साली प्रसिद्ध झाला. त्या नकाशात हाताला, त्यातही अंगठ्याला, अख्ख्या धडापेक्षा मोठी जागा आहे. पायाला चालण्यापुरती ढोबळ हालचाल पुरते. हाताला सुईत दोरा ओवायचा असतो. जितकी बारीक कारागिरी तितके कारागीर जास्त, आणि गिरणी जळाली की नुकसानही त्यांचेच अधिक.

भाऊंची मूठ वळलेली असे, अंगठा तळव्यात दडलेला. लकव्यात हात लुळाच पडतो अशी आपली समजूत असते. सुरुवातीला तसे असतेही. पुढे मात्र बोटे वळवणारे स्नायू ताठरतात आणि उघडणारे हरतात. भाऊंना मूठ थोडीफार आवळता येई, सोडता येत नसे. ताई रोज सकाळी त्यांची बोटे एकेक करून उलगडत आणि ओल्या फडक्याने तळवा पुसत. बंद मुठीत घाम साचून वास येतो, कातडी फाटते.

दुसरे एक संकट गुपचूप येते. उजवा ऐकत नाही म्हणून माणूस सगळे डाव्याने करू लागतो. घरचे कौतुक करतात. गांधीजींनी १९०९ साली बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात थकला तेव्हा डाव्या हाताने पाने लिहून काढली, ही हकीकत वर्ध्याच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा लोकांना शाळेपासून ठाऊक. मीही ती भाऊंना मोठ्या उत्साहाने सांगितली. पण गांधीजींचा उजवा हात विश्रांती घेत होता. लकव्यातला हात नुसता बसून राहिला तर मेंदू त्याला जमेत धरणेच सोडून देतो. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याला ‘शिकलेला अनुपयोग’ म्हटले आणि त्यावर उलटाच उपाय काढला. चांगल्या हातालाच जाड मोज्यात बांधून ठेवायचे, म्हणजे वाईट हाताला काम करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ज्यांच्या हातात थोडी तरी हालचाल शिल्लक होती अशा २२२ रुग्णांवर अमेरिकेत या पद्धतीची चाचणी झाली. जागेपणीचा बहुतेक वेळ, दोन आठवडे, चांगला हात बंद. २००६ साली तिचे निष्कर्ष आले. त्या रुग्णांचे हात नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारले आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती.

भाऊंकडे धंतोलीतून एक तरुण मुलगी येऊ लागली. फिजिओथेरपिस्ट नव्हे, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. शब्द जरा बोजड आहे, पण कल्पना साधी आहे. हाताला नुसता व्यायाम द्यायचा नाही, काम द्यायचे.

या विषयात आपल्या नागपूरला अभिमान वाटावा असा इतिहास आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही, म्हणून इथे थोडे विषयांतर. अमेरिकेत १९०० साली जन्मलेली एलिझाबेथ लंडी नावाची क्वेकर पंथाची मुलगी विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून भारतात आली आणि कमला निंबकर झाली. चाळिशी उलटल्यावर ती परत अमेरिकेत जाऊन हे शास्त्र शिकून आली आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिने देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. दुसरी शाळा १९५८ साली निघाली ती आपल्या नागपुरात, मेडिकलमध्ये. दिल्लीत नाही, कलकत्त्यात नाही! मराठी वाचकांना एक धागा आणखी सांगतो. फलटणचे शेतीशास्त्रज्ञ बनबिहारी निंबकर हे कमलाबाईंचे चिरंजीव, आणि इरावती कर्वे यांची कन्या, लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई. इरावतीबाईंवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या विहीणबाईंनी किती हात पुन्हा चालते केले याचा हिशेब कोणी मांडला नाही.

तर ही मुलगी आली आणि पहिल्याच दिवशी विचारले, ‘काका, हात चालायचा तेव्हा तुम्ही दिवसभर काय करायचे?’ भाऊ म्हणाले, ‘पुड्या बांधायचो.’ झाले, तिचा अभ्यासक्रम ठरला. पुढे फडक्याने ओटा पुसणे, कणकेचा गोळा दाबणे, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणे-काढणे, तुरीतून राजमा वेचणे असे सगळे मार्ग शेवटी त्या पुडीकडेच जाणारे होते. तिच्याजवळ एक वही होती. प्रत्येक हालचालीपुढे ती चार उभ्या काड्या आणि पाचवी आडवी अशा खुणा करी. गाठोडी मोजणाऱ्या हमालासारख्या.

मी बँकेचा माणूस, मोजदाद दिसली की माझे कान टवकारतात. ‘हे कशासाठी?’ मी विचारले. तिने सांगितले ते मला आजवर कोणीच सांगितले नव्हते. पंगू झालेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत नव्या वाटा पाडायला एकाच हालचालीची रोज चारशे-सहाशे आवर्तने करून घेतात. आणि अमेरिका-कॅनडातल्या चांगल्या केंद्रांत प्रत्यक्ष बसून मोजले तेव्हा, २००९ सालच्या अहवालात, एका बैठकीत रुग्णाच्या हाताची कामाची आवर्तने भरली सरासरी ३२. चारशे कुठे आणि बत्तीस कुठे? ही परिस्थिती तिथली. आपल्याकडे थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येणार, पाऊण तास बसणार, त्यातली दहा मिनिटे चहा-पाण्यात आणि ‘काल रात्री झोप नाही लागली’ यात जाणार.

ही तूट भरून कशी काढायची हा खरा प्रश्न आहे आणि इथेच यंत्राचा प्रवेश होतो.

आमच्या घरी तो कुरिअरने झाला. भाऊंचा मुलगा पुण्याला असतो. त्याने ऑनलाइन मागवलेले खोके उघडले तर आत काळा हातमोजा. प्रत्येक बोटाच्या पाठीवर हार्मोनियमच्या भात्यासारखी चुण्यांची रबरी नळी, पाची नळ्या मनगटाशी एकत्र येऊन ट्रान्झिस्टरएवढ्या डब्यात गेलेल्या. डब्यात छोटा पंप. बटण दाबले की घुर्र आवाज होतो, नळ्यांत हवा शिरते, बोटे वळतात. हवा ओढून घेतली की बोटे उघडतात. सोबत चांगल्या हातासाठी दुसरा मोजा. तो घालून डाव्या हाताची मूठ उघडली, की उजवीकडचा मोजाही ती नक्कल करतो.

मोजा चढवायला पंचवीस मिनिटे लागली. जाहिरातीतल्या चित्रात हा भाग नसतो. ताठरलेली, वळलेली पाच बोटे पाच खोबणींत घालणे म्हणजे झोपलेल्या तान्ह्या मुलाला स्वेटर घालण्यासारखे आहे, आणि घालणाऱ्या ताईंची स्वतःची बोटे संधिवाताने धरलेली. पण बटण दाबले आणि तीन महिने बंद असलेली मूठ आपोआप उघडली. ताईंनी पदर डोळ्यांना लावला. पुण्याहून व्हिडिओवर बघणारा मुलगा म्हणाला, ‘बघा बाबा, झालं की नाही!’ भाऊ काही बोलले नाहीत, हाताकडे नुसते बघत राहिले. यंत्र बंद केल्यावर दोन मिनिटांत मूठ पुन्हा वळली.

या मऊ यंत्रांची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. १६ जुलै १९४५ च्या पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जगातला पहिला अणुबॉम्ब उडवला गेला. शेवटच्या क्षणांची स्वयंचलित यंत्रणा ज्याने चालू केली तो पदार्थवैज्ञानिक जोसेफ मॅकिबेन. पुढे १९५० च्या दशकात त्याच्या मुलीला पोलिओ झाला आणि तिची बोटे लुळी पडली. बापाने तिच्यासाठी एक स्नायू बनवला. रबराची नळी घ्यायची, ती जाळीदार विणीच्या पिशवीत घालायची आणि नळीत दाबाने वायू सोडायचा. आपल्या पायजम्याची पोकळ विणीची नाडी घेऊन हे घरी बघता येईल. नाडी दोन्ही टोकांकडून आत ढकलली की जाड होते, म्हणजेच जाड केली तर आखूड होणार. मॅकिबेनची नळी फुगली की जाळी आखूड होई आणि तिला बांधलेले बोट ओढले जाई. दंड वळवला की बेटकुळी येते तीच ही क्रिया. पट्ट्यांच्या आधाराने ही नळी मुलीच्या हातावर बसवली, छोट्या सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड तिला चालवी, आणि मुलीला अंगठा व बोटे जुळवून वस्तू धरता येऊ लागली. एकाच माणसाच्या हातून ही दोन्ही कामे झाली. कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने ‘फार ओढूनताणून आहे’ म्हणून परत पाठवले असते.

पुढे विजेच्या मोटारी लहान होत गेल्या आणि हवेचे स्नायू मागे पडले. उपचारांत आले ते टणक रोबो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९९० च्या दशकात टेबलावर बसवलेला यंत्रहात तयार झाला. रुग्णाने त्याची मूठ धरायची आणि पडद्यावरच्या ठिपक्यांचा पाठलाग करायचा. चांगले यंत्र, पण ते इस्पितळातच राहणार. शिवाय धातूच्या सांगाड्याची एक अडचण असते. त्याची बिजागरी आणि आपल्या बोटाचा सांधा तंतोतंत एका रेषेत आले नाहीत तर यंत्र सांध्यालाच पिळते, आणि देवाने दोन बोटे काही सारखी केलेली नाहीत. मऊ यंत्राला ही चिंता नाही. कापड आणि रबर बोटाच्या आकाराशी जुळवून घेतात. २०१५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये कॉनर वॉल्श यांच्या गटाने पाण्याच्या दाबावर चालणारा मोजा केला, त्याचा पंप आणि बॅटरी कमरेच्या पट्ट्यात मावत. सोलच्या विद्यापीठात क्यु-जिन चो यांनी निराळा रस्ता धरला. आपल्या बोटांना जशा कंडरा असतात तशा तारा मोज्यात ओवल्या आणि त्या दुरून ओढल्या. कठपुतळीच्या खेळाचीच ही जात. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीने तिथल्या एम्सबरोबर मनगट आणि बोटांसाठी एक हलके यंत्र केले. ते पूर्ण मऊ नाही, पण त्यातली मेख महत्त्वाची आहे. रुग्णाच्या स्नायूत प्रयत्नाची क्षीण विद्युतलहर उमटली तरच ते चालू होते. त्याच्या छोट्या चाचणीचा अहवाल २०२१ साली आला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही असा मऊ मोजा झाला आहे. बोटाची हालचाल तो प्रकाशाच्या साहाय्याने टिपतो आणि दूर बसलेल्या थेरपिस्टला ती पाहता येते.

‘प्रयत्न उमटला तरच’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. कारण आमच्या घरी मोजा पाहिल्यावर थेरपिस्ट मुलीने भाऊंना विचारले ते हेच. ‘काका, मूठ कोण उघडतंय? तुम्ही, की हा डबा?’

भाऊ मोजा घालून टीव्ही बघत बसले होते. डबा घुर्र घुर्र करीत होता, बोटे उघडत-मिटत होती. तासात शेकडो आवर्तने भरली असतील, आणि वहीत त्यांतली एकही नोंदता येत नव्हती. कारण मेंदू शिकतो तो स्वतःच्या आज्ञेवर. ‘उघड’ असा हुकूम मेंदूतून निघाला पाहिजे, तो अर्ध्या वाटेवर अडखळला पाहिजे, आणि तेवढ्यात मदत येऊन बोट उघडले पाहिजे, तर ती वाट थोडी रुळते. हुकूम न निघताच बोट उघडले तर व्यायाम पंपाचा झाला. सांधे आखडू नयेत, ताठरपणा सैल पडावा, एवढा फायदा त्यातही आहे, तो नाकारू नये.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. मऊ यंत्रे बोटे वळवण्यात पटाईत असतात, उघडण्यात कमजोर. आणि लकव्याच्या बहुतेक हातांची अडचण उघडण्याची असते! हवा ओढून निर्माण होणारा जोर मर्यादित, मूठ फार ताठर असेल तर यंत्रच हरते. भाऊंच्या करंगळीपुढे ते रोज हरे.

मग यंत्रांचा उपयोग आहे की नाही? पुण्याच्या मुलाने हा प्रश्न मला फोनवर जरा रागाने विचारला, आणि त्याचा राग मला समजत होता. बापासाठी तो तिथून दुसरे काय करू शकणार? मी माझ्या सवयीप्रमाणे आकडे शोधले. इंग्लंड-स्कॉटलंडात ७७० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१९ साली ‘लॅन्सेट’ मध्ये आली. एमआयटीचा तो टेबलावरचा यंत्रहात, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताची उपयुक्तता वाढली नाही. तेवढाच जादा वेळ थेरपिस्टने करून घेतला त्या गटातही मुख्य मोजमापात फरक पडला नाही. मऊ मोज्यांवर एवढी मोठी चाचणी माझ्या पाहण्यात नाही, पण यंत्र मऊ झाले म्हणून हा निकाल आपोआप उलटेल असे मानायला आधार नाही.

हे वाचून ‘बघा, घरच्या माणसांनीच करावे’ असे म्हणणाऱ्यांसाठी दुसरा आकडा, आणि तो आपल्याच देशातला आहे. भारतातल्या १४ इस्पितळांत १२५० रुग्णांच्या घरच्यांना शिकवून घरी व्यायाम करून घेतला गेला. २०१७ चा निकाल असा, की सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबन यांत काही फरक नाही. हा निकाल मी ताईंना सांगितला नाही. पहाटे उठून भाऊंची बोटे उलगडणाऱ्या बाईला ‘लॅन्सेट’ दाखवण्याचे धाडस माझ्यात नाही.

या दोन निकालांवरून सारेच फोल आहे असा अर्थ मी काढत नाही. चांगला हात बांधून ठेवण्याची पद्धत यशस्वी झाली ती वर सांगितलीच. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात तीन आठवड्यांत ९० तास हातावर काम करून घेतात. त्यांनी २०१९ साली २२४ रुग्णांचा हिशेब दिला. त्यांतल्या बहुतेकांना झटका येऊन वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून जास्त झालेले होते, तरी हात सुधारले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता हे खरे. पण ‘सहा महिन्यांत जे यायचे ते येते, पुढे काही नाही’ हे वाक्य ज्या सहजतेने आपल्याकडे ऐकवले जाते, त्याला हा चांगला जबाब आहे. ९० तास! आमच्याकडे आठवड्याला दीड तासाच्या हिशेबाने त्याला सव्वा वर्ष लागेल.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की मोजा आणि थेरपिस्ट यांत निवड करायची वेळ आली तर पैसे थेरपिस्टवर घालावेत. मोजा घ्यायचाच तर तिला विचारून घ्यावा. रुग्णाच्या प्रयत्नावर तो चालतो की बटणावर, ताठर मूठ उघडण्याइतका जोर त्यात आहे का, नाप बरोबर आहे का, आणि तो रोज चढवणार कोण, हे चार प्रश्न विकणाऱ्याला नव्हे, तिला विचारावेत. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. नागपूरकरांसाठी पाचवा मी जोडतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कूलरसमोर बसूनही रबरी मोज्यात हाताची भाजी होते. हार्वर्ड आणि सोलला हा अनुभव नसावा.

भाऊंच्या बाबतीत तिने मधला मार्ग काढला. सकाळी आठच्या आत, ऊन चढायच्या आधी, वीस मिनिटे मोजा. टीव्ही बंद. भाऊंनी मोठ्याने ‘उघड’ म्हणायचे, प्रयत्न करायचा, मगच ताईंनी बटण दाबायचे. म्हणजे रुग्णाची आज्ञा ओळखणारे जे यंत्र दिल्लीत केले त्याचे काम इथे ताईंच्या अंगठ्याने केले. मूठ जराशी सैल पडली की मोजा काढून लगेच वेचणे, चिमटे, कागद. मोजा म्हणजे शेत ओलवणे, पेरणी त्यानंतरची. वही आता भाऊ स्वतः डाव्या हाताने भरत. मी गेलो की मला दाखवत, आणि मी जुन्या सवयीने बेरीज तपासून खाली सही करी. एकदा त्यांनी सतरा काड्या जास्त मारलेल्या सापडल्या. ‘काहून जी भाऊ?’ म्हटले, तर हसले. ‘गिऱ्हाइकाला थोडं जास्तच घालावं लागते!’

दीड वर्षाने आजची स्थिती अशी आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वळलेलेच आहे. अंगठा तळव्यातून बाहेर आला आहे. गेल्या हिवाळ्यात संत्रे उजव्या हातात धरून डाव्याने सोलता येऊ लागले, आणि एवढ्याने किती फरक पडतो हे दोन हात चालणाऱ्याला सांगून कळायचे नाही. पुडीच्या वेळी उजवा हात कागद दाबून धरतो, दोरा डावा फिरवतो. जिरे सांडत नाही. गाठ मात्र दुकानातला मुलगा मारतो. सही? ती अजून डाव्या हाताचीच आहे. बँकेत नवा नमुना दिला आहे, मोठ्या मराठी अक्षरांत. उजव्याने ते रोज पाटीवर आपले नाव लिहून बघतात आणि कोणी खोलीत आले की पुसून टाकतात.

मोज्याची गरज तिने मागच्या जूनमध्ये संपल्याचे सांगितले. मग तो कपाटात पडून राहिला. घराघरांत अशी कपाटे आहेत. वॉकर, पाण्याची गादी, कमोडची खुर्ची. माणूस बरा झाला किंवा गेला, वस्तू राहिली. आपल्या महाराष्ट्रात गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत, नाममात्र भाड्याने या वस्तू देतात. कोणताही गाजावाजा न करता चाललेले हे काम मला आपल्या समाजातल्या उत्तम कामांपैकी एक वाटते. हे मोजे खरे तर तिथे असायला हवेत, आणि सोबत मेडिकलच्या त्या जुन्या शाळेतून निघालेली एखादी मुलगी आठवड्यातून एक दुपार तिथे बसायला हवी. कोणत्या हाताला तो लागेल आणि कोणत्या हाताला लागणार नाही, हे तिला पाच मिनिटांत कळते. एकेक मोजा मग वर्षाला चार-पाच घरे फिरेल.

भाऊंच्या संमतीने तो मी अशाच एका केंद्रात नेऊन दिला. तिथले कार्यकर्ते माझ्याच वयाचे, निवृत्त. त्यांनी मोजा उलटसुलट पाहिला, नळ्या मोजल्या, डबा कानाशी नेऊन हलवला आणि रजिस्टर उघडून विचारात पडले. ‘कशाखाली लिहू साहेब? वॉकरखाली, की बीपीच्या मशीनखाली?’ दोघांनी थोडा वेळ चर्चा केली. शेवटी नवे पान उघडले आणि वर लिहिले: हातमोजा, उजवा, हवेचा, नग १. अनामत किती ठेवायची यावर अजून निर्णय व्हायचा होता. तेवढ्यात सक्करदऱ्याहून वडिलांसाठी कुबड्या न्यायला आलेला एक मुलगा थबकला आणि म्हणाला, ‘हे डाव्या हाताचं मिळते का जी?’